स्वेच्छेने बंद

एक

घड्याळजी उशिरा आले, हीच मुळात न पटणारी गोष्ट होती.

चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस ते डायलिसिसला यायचे, आणि त्यांचं पाऊल फाटकात पडलं की सात वाजले असं पहारेकरी डोळे मिटून धरून चालायचा. त्या सोमवारी मात्र आठ वाजून गेले तरी त्यांचा पत्ता नव्हता. सव्वाआठला आले ते शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून. चेहरा सुजलेला, पाय चपलेत मावत नव्हते.

"गाडी आलीच नाही हो," चार नंबरच्या खिडकीशी येऊन ते म्हणाले. "मी पावणेसातपासून दारात उभा. चालकाला फोन केला, तर म्हणतो, यादीत तुमचं नावच नाही."

चार नंबरची खिडकी म्हणजे रुग्णालयाचा मदत कक्ष. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे खिडकीताईच म्हणायचे. कुणाला कुठली सरकारी योजना लागू पडते हे शोधायचं आणि त्याचे कागद पुरे करायचे, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत त्यांना एक सवय लागली होती: कुठलाही कागद त्या तळापासून वर वाचायच्या. "वरती सगळे गोड बोलतात," त्या म्हणायच्या, "खरं काय ते तळाला असतं."

त्यांनी आधी घड्याळजींना मशीनकडे पाठवलं आणि मग संगणकात त्यांचं नाव घातलं. या माणसाला दोन योजना लागू होत्या. पासष्टी उलटल्यामुळे ज्येष्ठांची, आणि मिळकत तुटपुंजी म्हणून दुसरी, अल्प उत्पन्न गटाची. पहिली योजना उपचाराचा मोठा वाटा उचलायची. उरलेला वाटा, औषधं आणि घरून ने-आण करणारी गाडी दुसरीच्या अंगावर. दोन्हींत त्यांचं नाव घालायला दोन वर्षांपूर्वी खिडकीताईच धावल्या होत्या.

पहिल्या योजनेपुढे लिहिलं होतं: चालू. दुसरीपुढे: लाभार्थीच्या अर्जावरून, स्वेच्छेने बंद.

खिडकीताईंनी त्या अर्जाची प्रत छापून घेतली आणि थेट डायलिसिसच्या खोलीत गेल्या. घड्याळजींचा डावा हात मशीनला जोडून झाला होता. त्यांनी उजव्या हाताने कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"सही माझीच आहे," ते सावकाश म्हणाले. "पण ताई, ही सही मी केलेली नाही."

दोन

अधीक्षकांनी कागद पाहिला आणि कपाळावर आठ्या घातल्या.

"एका माणसाला दोन सरकारी योजना! मी तेव्हाच म्हटलं होतं, हे अंगाशी येईल. आता नियम बदलला असेल, आणि कुणीतरी शहाणपणाने वेळेत नाव काढून घेतलं असेल."

"साहेब, दोन्ही एकदम घेता येतात. तसा नियमच आहे."

"होता, असं म्हणा. आजचं मी सांभाळून घेतो. पण बुधवारी सकाळपर्यंत उरलेल्या वाट्याची जबाबदारी कोण घेणार ते मला लेखी हवं. नाहीतर त्यांची मशीनवरची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावी लागेल. तोही माणूसच आहे."

ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. शिवाय खिडकीताईंच्या मनात एक बारीक काटा रुतून बसला. खरंच नियम बदलला असेल तर? तर या माणसाला दोन नावांत अडकवणारी मीच की!

पण ते पुढचं. आधी अर्ज कुणी केला ते कळायला हवं होतं.

घड्याळजींच्या मुलाचं लग्न होऊन तो दुसऱ्या गावी राहत होता. सासऱ्यांची गाडी चुकल्याचं कळताच सून दुपारच्या आत येऊन पोचली. बेकरीत काम करणारी, बोलायला फटकळ बाई. खिडकीताईंनी तिला बाकावर बसवलं.

"तुम्ही त्यांना तुमच्याकडे न्यायचं म्हणत होता ना?"

"म्हणत होते काय, आजही म्हणते. आमच्या घरासमोर दवाखाना आहे. इथे घरात बाबांच्या बहीण, आत्याबाई, अठ्ठ्याहत्तरच्या, बाबा एकाहत्तरचे. कोण कुणाला उचलणार?"

"गाडी बंद झाली तर त्यांना तुमच्याकडे यावंच लागेल."

सुनेने रोखून पाहिलं. "असं आहे होय! अहो, योजना कार्यालयात मी गेले होते, लपवत नाही. पण चौकशी काय केली, तर गाव बदललं तर कार्ड चालेल का. बंद केलेलं कार्ड घेऊन ते माझ्याकडे आले, तर मी त्यांना काय पावाच्या भट्टीत शेकू? मला दोन्ही कार्डं चालू हवीत. माझ्याइतकी कुणालाच नको असतील!"

रागावली होती, पण बोलत होती ते पटण्यासारखं होतं. बंद कार्डाचा सगळ्यात मोठा भार तिच्याच डोक्यावर येणार होता.

बाहेर स्कूटरपाशी शेजारी थांबले होते. गल्लीतले सगळे अर्ज हेच भरून द्यायचे, म्हणून त्यांना नाव पडलं होतं अर्जकाका. घड्याळजींचेही आधीचे सगळे कागद त्यांच्याच ठसठशीत, सुट्या अक्षरांत होते. आणि त्यांचा स्वतःचा अल्प उत्पन्न योजनेचा अर्ज मात्र थोडक्यासाठी नाकारला गेला होता.

"म्हणजे माझ्यावर संशय," खिडकीताईंनी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "मला मिळालं नाही म्हणून मी त्याचं काढलं, असंच ना? दाखवा बघू तो कागद."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. अर्ज छापील होता. भरायच्या जागा थोड्याच, आणि त्या मोठ्या, थरथरत्या अक्षरांत भरलेल्या. अक्षर कुणाचंही असू शकलं असतं.

अर्जकाका एका ओळीवर थबकले. मग फिस्सकन हसले.

"ताई, हा अर्ज मी भरला असता तर जन्मतारीख चुकली नसती."

तीन

चुकली होती खरी. घड्याळजींच्या दोन्ही कार्डांवर दोन मार्च होती. अर्जावर होती एकोणीस ऑक्टोबर, आणि तीही आदल्या वर्षातली.

खिडकीताई जिन्यातच थांबल्या. दुसऱ्याच्या नावाने खोटा अर्ज भरणारा माणूस समोर कार्ड ठेवून भरतो. अर्जकाका तसंच करणार, सूनही तसंच करणार. कार्डाकडे न बघता ज्याने तारीख लिहिली, त्याला ती बघायची गरजच वाटली नव्हती. म्हणजे त्याला ती तोंडपाठ होती.

अर्जाच्या तळाला कार्यालयाचा आवक शिक्का होता: गेल्या गुरुवारचा.

त्या पुन्हा डायलिसिसच्या खोलीत गेल्या. तिथली परिचारिका हजेरीचा कागद घेऊन आली होती. घड्याळजींनी पाटी छातीवर टेकवून पडल्या पडल्या सही केली. त्यांच्या नावाचं शेवटचं अक्षर घसरगुंडीवरून उतरावं तसं खाली गेलं.

खिडकीताईंनी अर्ज बाजूला धरला. त्यावरचंही शेवटचं अक्षर तसंच घसरलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खिडकीत, नीट खुर्चीत बसून केलेली सही मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

"तुम्ही झोपून सही केलीत तो हा अर्ज," त्या म्हणाल्या. "याच पलंगावर. तुम्हाला भेटायला कोण कोण येतं?"

"सोमवारी शेजारी. शुक्रवारी जमलं तर सूनबाई. बुधवारी अक्का, माझी थोरली बहीण. तिला इथलं सगळं माहीत झालंय. पाटी तीच धरते, मी ती बोट ठेवेल तिथे सही ठोकतो. वाचत कोण बसतंय? पत्रंसुद्धा तीच वाचते. मला कागद हवा तो फक्त चाकं मांडायला." ते खुलले. "एक जुनं भिंतीवरचं घड्याळ उघडलंय. टेबलावर कोऱ्या पाठीचा कागद घालून सगळी चाकं ओळीने ठेवलीत. घरात पांढरा कागद आला की मी सोडत नाही."

"घड्याळजी, तुमचा जन्म कधीचा?"

"दोन मार्च."

"खरा?"

ते हसले. "ती तारीख शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिली. खरी मला कुठे ठाऊक? अक्काला विचारा. तिच्या डोळ्यांदेखत झालो मी. आता जगात ती तारीख ठाऊक असलेली ती एकटीच."

बोलता बोलता त्यांचं हसू विझलं. शेवटी ते घड्याळजी होते. चाकाला चाक लागलं की काटा कुठे जाणार हे त्यांना कळत होतं.

"नाही," ते म्हणाले. "अक्का नाही. ताई, तिने मला आईच्या मागे वाढवलंय."

चार

मंगळवारी सकाळी खिडकीताई त्यांच्या घरी गेल्या. दोन खोल्या, झाडून पुसून लख्ख. आतल्या खोलीत घड्याळजी थकून झोपले होते. मशीनच्या दुसऱ्या दिवशी ते असेच झोपायचे. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल, आणि त्यावर पितळी चाकं शिस्तीत मांडलेली.

अक्का ताठ बसल्या होत्या. तरुणपणी टेलिफोन खात्यात नोकरी केलेली बाई; शब्द तोलून बोलायची सवय. गल्लीत त्यांच्याबद्दल सांगायचे की एकदा बसवाला तिकीट द्यायला विसरला, तर या उतरल्यावर पैसे द्यायला बसच्या मागे चालत गेल्या होत्या.

खिडकीताईंनी अर्ज पुढे ठेवला आणि एकच प्रश्न विचारला.

"अक्का, एकोणीस ऑक्टोबरला पाऊस होता की ऊन?"

अक्कांनी अर्ज उलटा करून ठेवला. मग म्हणाल्या, "ऊन होतं. कडक. मी सात वर्षांची होते. सुईणीने मला पाणी आणायला पिटाळलं होतं." आणि एकदम त्यांचा ताठ कणा वाकला. "मीच केलं. पण चोरी केली नाही हो मी. चोरी थांबवली."

"कसली चोरी?"

अक्का उठल्या. देवाणघेवाणीचे सगळे कागद ठेवायच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी चौघडी घातलेला एक कागद काढला. योजना कार्यालयाचं पत्र होतं, तीन आठवड्यांपूर्वी आलेलं.

"हे वाचलं आणि माझ्या पाचावर धारण बसली. दोन ठिकाणी नाव आहे म्हणे त्याचं. मला काय ठाऊक की ते चालत नाही? तुम्ही सांगितलंत, आम्ही सह्या केल्या. त्याला सांगितलं असतं तर काळजीने आणखी खचला असता. डॉक्टर म्हणाले होते, त्याला जपा. म्हटलं, गुपचूप एक नाव काढून टाकावं. गाडी गेली तर गेली. डेपोत जाऊन विचारूनही आले, कुठल्या बसची पायरी खाली असते. दोनदा त्या बसने जाऊन पाहिलं, त्याला जमेल का." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मशीनवरची जागासुद्धा जाईल हे मला कुणी सांगितलंच नाही. काल त्याचे पाय बघितले आणि... मी सांगणार होते. जीभ उचलेना."

खिडकीताईंनी पत्र हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच, सवय विसरून, त्यांनी कागद वरून खाली वाचला. तपासणी, याद्या, पात्रता. शेवटची ओळ अशी होती:

"एकाच वेळी दोन्ही योजनांचा लाभ घेणाऱ्यांची नावे वेगळी काढण्यात आली असून, अशा व्यक्तींवर"

आणि कागद संपला होता.

पुढचा शब्द कुणीही सांगितला असता. कारवाई. अधीक्षकांचं खरं निघालं होतं. नियम बदलला होता. गेल्या वर्षभरात खिडकीताईंनी अकरा जणांना दोन्ही योजनांत बसवलं होतं. अकरा घरांत हे पत्र गेलं असणार.

पाच

मग सवयीने त्यांची नजर तळाला गेली. अगदी खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: पान १, एकूण पाने २.

"अक्का, दुसरं पान कुठाय?"

"दुसरं कसलं? एवढंच होतं. पाकीट त्याने फोडलं, मला टेबलावर हे मिळालं."

वरच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं होती. या पानाची पाठ कार्यालयांच्या पत्त्यांनी भरलेली होती. पाठकोरं नसलेलं हे पान कुणाच्या कामाचं नव्हतं, म्हणून ते अक्कांच्या वाट्याला आलं. आणि दुसऱ्याची पाठ कोरी असेल तर...

खिडकीताई टेबलाकडे वळल्या. चाकांखाली पांढरा कागद होता.

"अहो, नका," अक्का दचकल्या, "तो कुणाला हात लावू देत नाही."

"आज लावू देतील."

त्यांनी पहिलं चाक उचललं, तोच आतल्या दारातून आवाज आला. "माझ्या चाकांना कोण हात लावतंय?" घड्याळजी चौकटीला धरून उभे होते. त्यांनी बहिणीचे ओले डोळे पाहिले, उघडं पत्र पाहिलं, आणि टेबलाशी आले. त्यांनी स्वतः एकेक चाक उचलून ओळीने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. चौदा चाकं. मग घड्याळजींनी कागद उलटा केला आणि खिडकीताईंच्या हातात दिला.

त्यांनी मोठ्याने वाचलं.

"...उपचाराच्या खर्चाचा कोणताही बोजा पडू नये, यासाठी दोन्ही योजना परस्पर समन्वय ठेवतील. पहिल्या योजनेने न उचललेला वाटा दुसरी योजना उचलेल. लाभार्थीने काहीही करण्याची गरज नाही. दोन्ही कार्डे जपून ठेवावीत."

"पुन्हा वाचा," अक्का म्हणाल्या.

खिडकीताईंनी पुन्हा वाचलं. आपलाही जीव भांड्यात पडलाय हे त्यांना तेव्हा कळलं, कारण त्या चक्क खुर्चीत बसल्या. अकरा घरांतली अकरा माणसं, सगळी जागच्या जागी, सुखरूप.

"म्हणजे पोलीस नाहीत?"

"पोलीस?" घड्याळजींनी बहिणीकडे पाहिलं. "अक्का, तुला वाटलं मला मशीनवरून उचलून नेतील?"

"तू हसू नकोस. मी पंधरा दिवस झोपले नाही."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, नेऊ देत, तुरुंगातली घड्याळं बंदच असतात, मला काम मिळेल."

घड्याळजी खो खो हसले. तेच म्हणाले असते ते. हसता हसता त्यांनी बहिणीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"पण मी तर याची सही घेऊन अर्ज दिला," अक्का घाबरून म्हणाल्या. "लेखी दिलंय. ते कसं परत घ्यायचं?"

"त्याची सोय तुम्हीच करून ठेवली आहे," खिडकीताई म्हणाल्या. "खरी तारीख लिहून."

योजना कार्यालयातला कारकून आधी कानावर हात ठेवत होता. सही जुळली, शिक्का मारला, त्याचं काम संपलं. खिडकीताईंनी त्याच्यासमोर त्याच्याच कार्यालयाचा अर्ज ठेवला आणि तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं: माहिती कार्डाशी न जुळल्यास अर्ज ग्राह्य धरला जाणार नाही. मग कार्ड ठेवलं. दोन मार्च. मग अर्ज. एकोणीस ऑक्टोबर.

कारकुनाने दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे हा अर्ज कधी आलाच नाही," तो म्हणाला.

"मीही तेच म्हणते."

दहा मिनिटांत दुसऱ्या योजनेपुढे चालू असा शब्द उमटला. खिडकीताईंनी त्याची प्रत घेतली आणि मावळतीच्या आत अधीक्षकांच्या टेबलावर ठेवली, पत्राच्या दोन्ही पानांसकट. अधीक्षकांनी वाचलं, घसा खाकरला, आणि म्हणाले, "बरं झालं. खरंच बरं झालं." यादीतल्या पुढच्या माणसासाठी त्यांनी त्याच दिवशी शेजारच्या रुग्णालयात फोनही लावला.

सहा

बुधवारी सात वाजता पहारेकऱ्याने मनगटाकडे न बघता फाटक उघडलं.

सून त्या आठवड्यापुरती राहिली. जाताना सासऱ्यांना म्हणाली, "येत नसाल तर नका येऊ, पण आत्याबाईंना एवढं एकटीने सगळं पोटात ठेवू देऊ नका." अर्जकाकांनी आपला नाकारलेला अर्ज पुन्हा काढला आणि खिडकीताईंकडून तपासून घेतला, एक कागद जोडायचाच राहिला होता, असं निघालं.

आणि पुढच्या सोमवारी, अकराच्या सुमाराला, चार नंबरच्या खिडकीसमोर नेहमीची रांग होती. खिडकीताईंनी मान वर केली तर समोर अक्का. पाऊण तास उभ्या होत्या. ओळख आहे म्हणून पुढे या म्हटलं असतं तर त्या परत घरी गेल्या असत्या. गुडघा धरून उभ्या राहण्याची त्यांची पद्धत खिडकीताईंच्या पहिल्यांदाच लक्षात आली.

"अक्का, हे किती दिवसांपासून?"

"सहा वर्षं. डॉक्टर शस्त्रक्रिया म्हणतात." त्यांनी पिशवीतून कागद काढून खिडकीत सरकवले. वयाचा दाखला, मिळकतीचा दाखला, सगळं क्रमाने लावलेलं. "माझं नाव घालायचंय."

"कुठल्या योजनेत?"

"दोन्ही."

टेलिफोन खात्यातला आवाज होता तो. शेवटच्या माणसापर्यंत गेला. रांगेत चुळबुळ झाली. मागून एका म्हाताऱ्याने मान पुढे काढली.

"दोन्ही एकदम? चालतं असं? आमच्या घरी एक पत्र आलंय, तेव्हापासून बायको रडतेय."

खिडकीताई सांगणार होत्या, पण अक्का आधीच वळल्या होत्या. गुडघा सांभाळत, एक हात खिडकीच्या कठड्यावर टेकून, त्या त्या माणसाला पहिल्यापासून समजावून सांगू लागल्या, आणि रांग मोडून माणसं त्यांच्याभोवती जमा झाली.